विजेच्या चाकांवरील शिपाई

विजेवर चालणारें वाहन घेऊन शहरांत गस्त घालणारा पोलीस शिपाई ही एकविसाव्या शतकाची नवलाई आहे, असा पुष्कळांचा समज असतो. वस्तुतः जगांतील पहिली पोलिसी मोटार म्हणून जी ओळखली जाते, ती मुळांत विजेवरच चालत होती. अमेरिकेच्या ओहायो संस्थानांत ॲक्रन नांवाचें शहर आहे. तेथील पोलीस खात्यानें सन १८९९ मध्यें एक विजेची गाडी रस्त्यावर आणली. शहराच्या नोकरींतील फ्रँक लूमिस नामक यंत्रज्ञानें तिची आंखणी केली, आणि घोडागाड्या बांधणाऱ्या एका कारखान्यानें ती बांधून दिली. खर्च २,४०० डॉलर आला. वेग ताशीं सुमारें २६ किलोमीटर, आणि एकदां वीज भरली म्हणजे मजल सुमारें ४८ किलोमीटरांची. तिची पहिली कामगिरी फारशी वीररसाची नव्हती. दारू पिऊन रस्त्यांत झिंगणाऱ्या एका गृहस्थास उचलून ठाण्यावर पोंचवावयाचें होतें. पुढच्याच वर्षीं ऑगस्टमध्यें त्या शहरांत मोठा दंगा उसळला, आणि संतप्त जमावानें ही गाडी ढकलत नेऊन कालव्यांत लोटून दिली.

जमावाच्या हातून असलीं कृत्यें होतात, त्यांचें आम्ही समर्थन करीत नाहीं. परंतु त्या गाडीकडे लोक कोणत्या दृष्टीनें पाहत होते, तें लक्षांत घेण्याजोगें आहे. ती माणसें पकडून नेण्याची पेटी होती. शिपायास लोकांत आणून सोडणारें वाहन नव्हतें. पोलिसांच्या हातीं वाहन आलें म्हणजे तें त्यांस जनतेच्या जवळ नेतें कीं दूर नेतें, हा प्रश्न तेव्हांपासूनचा आहे, आणि हल्लीं एकेका शिपायापुरतीं जीं विजेचीं लहान वाहनें निघालीं आहेत, त्यांनीं तो पुन्हां पुढें आणला आहे.

मोटारीच्या पूर्वीं शिपाई पायीं चाले. सर रॉबर्ट पील यांनीं १८२९ सालीं लंडनचें पोलीस दल उभारलें. त्यांतील शिपायानें ताशीं अडीच मैल, म्हणजे सुमारें चार किलोमीटर, अशा संथ चालीनें आपली ठराविक फेरी घालावी, अशी अपेक्षा असे. नातवाचें बोट धरून देवदर्शनास निघालेल्या आजोबांची चाल याहून फारशी निराळी नसते. परंतु त्या मंदगतींत मोठें मर्म होतें. रोज तोच रस्ता, तींच दारें, तेच दुकानदार; कोणाचें कुलूप आज लागलेलें नाहीं, कोणाच्या घरीं परका मनुष्य उतरला आहे, हें सहज नजरेस येई. आमच्याकडे खेडोपाडीं जागल्या आणि रामोशी रात्रीं हांका घालीत फिरत, त्यांचें बळ तरी दुसरें कोणतें होतें? गांवांतील कुत्रें कोणावर भुंकतें आणि कोणावर भुंकत नाहीं, हें ज्यास ठाऊक, तोच खरा पहारेकरी. मुंबईंत तर इंग्रजांनीं सतराव्या शतकांत जें पहिलें रक्षकदल उभारलें, तें भंडारी ज्ञातींतील लोकांचें होतें. बेट त्यांच्या पायांखालचें होतें, आणि त्यांच्या उपयोगाचें कारणही बव्हंशीं तेंच होतें.

पेट्रोलच्या मोटारीनें हें सर्व पालटलें. वर्दी मिळतांच धांवून जाण्याची शक्ति आली, एका शिपायाच्या आवाक्यांत दहा शिपायांचा मुलूख आला. हा लाभ नाकारण्यांत अर्थ नाहीं. पण शिपाई कांचेआड गेला. आमच्या महाराष्ट्रांत शिपायास लोक ‘मामा’ म्हणून हांक मारतात. या हांकेंत कधीं भीति असते, कधीं आर्जव, तर कधीं चेष्टाही. तथापि ती हांक मारण्यासाठीं मामा हांकेच्या अंतरावर असावा लागतो. चाळीस किलोमीटर वेगानें निघून जाणाऱ्या मोटारीस कोणी मामा म्हणत नाहीं.

मोटारगस्तीचा उपयोग किती, याचा एक कसून केलेला प्रयोग अमेरिकेंतील कॅन्सस शहरीं १९७२-७३ सालीं झाला. शहराच्या एका भागांतील पंधरा गस्तविभागांचे तीन गट पाडले. एका गटांत मोटारी पूर्ववत् फिरत राहिल्या, दुसऱ्यांत त्यांची संख्या दुप्पट-तिप्पट केली, आणि तिसऱ्यांत नित्याची गस्त अजिबात बंद करून केवळ बोलावणें आलें तरच मोटार जाई. वर्षाअखेर पाहिलें, तों तिन्ही ठिकाणीं गुन्ह्यांत म्हणण्यासारखा फरक नाहीं, आणि लोकांच्या मनांतील भीतींतही नाहीं! पुढें न्यूअर्क शहरांत १९७८-७९ सालीं पायीं गस्तीचा प्रयोग झाला. तेथेंही गुन्हे घटल्याचें दिसलें नाहीं. मात्र ज्या भागांत शिपाई पायीं फिरत, तेथील रहिवाशांस आपण अधिक सुरक्षित आहोंत असें वाटूं लागलें. गुन्हे तेवढेच राहिले असतां केवळ वाटण्याला काय किंमत, असें एखादा हिशेबी गृहस्थ विचारील. सायंकाळीं सात वाजल्यानंतर ज्या घरांतील मुली बाहेर पडूं शकत नाहींत, त्या घरांतील मातेस त्यानें हाच प्रश्न विचारून पाहावा. सन २००९ च्या उन्हाळ्यांत फिलाडेल्फिया येथें तर याहून पुढचा अनुभव आला. मारहाणीच्या आणि खुनाच्या गुन्ह्यांनीं गाजलेले साठ टापू निवडून तेथें पायीं गस्त ठेविली, तेव्हां तुलनेच्या टापूंपेक्षां असे गुन्हे २३ टक्क्यांनीं कमी झाले. गस्त उठविल्यावर तो गुण टिकला नाहीं, हेंही येथें सांगितलें पाहिजे.

अशा रीतीनें शिपायानें पुन्हां रस्त्यावर उतरावें हें पटूं लागलें. पण शहरें मोठीं, माणसें थोडीं, आणि पाय दोनच. या अडचणींत असलेल्या खात्यांच्या हातीं एक चमत्कारिक यंत्र आपण होऊन येऊन पडलें.

डीन केमन या अमेरिकन संशोधकानें ३ डिसेंबर २००१ रोजीं न्यूयॉर्कच्या ब्रायंट उद्यानांत ‘सेग्वे’ नांवाचें वाहन जगास दाखविलें. दोन चाकें, पण सायकलप्रमाणें एकामागें एक नव्हेत, तर टांग्याप्रमाणें शेजारीं शेजारीं. मध्यें उभें राहण्यापुरती फळी. आणि हातीं धरावयास एक दांडी. स्वार पुढें झुकला कीं गाडी पुढें जाते, मागें रेलला कीं थांबते किंवा मागें सरते. तळहातावर उभी काठी तोलून धरणारा मुलगा आपण पाहिलेलाच असतो. काठी ज्या बाजूस कलेल त्या बाजूस तो चपळाईनें हात नेतो, आणि काठी पडत नाहीं. सेग्वेचें तत्त्व नेमकें हेंच आहे. येथें काठी म्हणजे स्वार, आणि हात म्हणजे चाकें. गाडी किती कलली आहे याची जाणीव ठेवणारीं सूक्ष्म उपकरणें सेकंदास शंभर वेळां मोजणी करतात, आणि त्या हिशेबानें विजेचीं यंत्रें चाकें पुढेंमागें फिरवितात. केमन यानें याच्या अगोदर पायऱ्या चढूं शकणारी अपंगांची खुर्ची तयार केली होती. त्या विद्येंतून हें वाहन जन्मलें. पहिली विद्या अधिक पुण्याची होती, असें आम्हांस वाटतें.

घोडागाडीचें मोटारीपुढें जें झालें, तेंच मोटारीचें आपल्या वाहनापुढें होईल, असें भाकीत केमन यानें केलें होतें. सन २००२ च्या अखेरीस आठवड्यास दहा हजार गाड्या तयार होतील असा त्याचा अंदाज होता. प्रत्यक्षांत जवळजवळ वीस वर्षांत सुमारें १,४०,००० गाड्या खपल्या, आणि जुलै २०२० मध्यें कारखान्यानें तिचें उत्पादन बंद केलें. तोंवर ती कंपनीही चिनी मालकीची झाली होती. सुमारें पांच हजार डॉलर देऊन सर्वसामान्य मनुष्य ती घेईना. घेतली ती मुख्यत्वें दोघांनीं: शहर दाखविणाऱ्या पर्यटनसंस्थांनीं आणि पोलिसांनीं.

पोलिसांनीं कां घेतली, हें समजण्यास फार विद्वत्ता नको. ताशीं वीस किलोमीटरपर्यंत वेग, म्हणजे पायीं चालणाऱ्याच्या पांचपट. एका भरणींत अनुकूल रस्त्यावर ३८ किलोमीटरपर्यंत मजल. आणि आवाज जवळजवळ नाहीं. शिवाय शिपाई वीतभर उंच होतो. वीतभर ही अंगणांत क्षुल्लक, पण गर्दींत फार मोठी गोष्ट आहे. जत्रेंत चुकलेलें मूल शोधण्यासाठीं बाप ज्या कारणानें चौथऱ्यावर चढतो, त्याच कारणानें शिपाई या फळीवर चढतो. त्यास लोक दिसतात, आणि लोकांस तोही दिसतो. ही दुसरी गोष्ट पहिलीइतकीच मोलाची. शिकागोच्या पोलिसांनीं हीं वाहनें वापरलीं. २००८ च्या ऑलिंपिक सामन्यांच्या वेळीं बीजिंगच्या रक्षकांकडेही तीं होतीं.

घोडेस्वार शिपायाचा लाभ हाच असे. मुंबईचें घोडेस्वार पोलीस पथक वाढत्या वाहतुकीमुळें १९३२ सालीं मोडण्यांत आलें होतें. तें पुन्हां उभारण्याची घोषणा झाली जानेवारी २०२० मध्यें, म्हणजे ८८ वर्षांनीं. आणि त्याच २०२० सालीं मरीन ड्राइव्हवरील गस्तीसाठीं मुंबई पोलिसांस आपला तोल आपणच सांभाळणारीं विजेचीं दुचाकी वाहनेंही मिळालीं. एकाच वर्षीं एकाच दलानें घोडा आणि घोड्याचा विजेरी अवतार दोन्ही जवळ करावे, यांत कोणास विसंगति दिसेल. आम्हांस त्यांत एकच भूक दिसते: शिपाई उंच असावा, उघड्यावर असावा, आणि मोटारींत नसावा.

आतां दोष. ज्या यंत्राचा तोल विजेवर अवलंबून, त्याची वीज संपली तर स्वाराचें काय होणार? २००३ सालीं या कारणास्तव, म्हणजे वीज क्षीण झाली असतां स्वार पडतात म्हणून, तोंपर्यंत खपलेल्या सुमारें सहा हजार गाड्या दुरुस्तीसाठीं परत मागवाव्या लागल्या. पुन्हां २००६ सालीं, चाकें अकस्मात् उलट फिरण्याचा संभव आढळून आल्यामुळें, सुमारें २३,५०० गाड्या परत बोलावण्यांत आल्या. अमेरिकेचे तत्कालीन अध्यक्ष धाकटे बुश हे २००३ च्या जूनमध्यें हिच्यावरून पडतां पडतां वांचले, त्यांचें छायाचित्र जगभर छापलें गेलें. पादचाऱ्यांसही भय नाहीं असें नाहीं. ऑगस्ट २०१५ मध्यें बीजिंग येथें दोनशें मीटरची शर्यत जिंकून मिरवणाऱ्या उसेन बोल्टला सेग्वेवरील एका छायाचित्रकारानें मागून येऊन आडवें केलें. ज्यास जगांतील कोणीही धांवपटू गांठूं शकला नाहीं, त्यास त्या यंत्रानें गांठलें. सुदैवानें त्यास फारसें लागलें नाहीं. परंतु सुमारें ४७ किलो वजनाचें, आवाज न करणारें वाहन सत्तरीच्या आजीबाईंच्या मागून आलें तर काय, याचा विचार प्रत्येक नगरपालिकेनें केला पाहिजे. इंग्लंडांत तर १८३५ च्या एका जुन्या कायद्याच्या आधारानें पदपथावर सेग्वे चालविणें २०११ सालीं दंडनीय ठरलें. नव्या यंत्रास वाफेच्या युगांतला कायदा पुरून उरला!

आणखी एक आक्षेप घेण्यांत येतो, तो हास्यास्पदतेचा. फळीवर ताठ उभा राहून, पाय न हालवितां सरकत जाणारा शिपाई पाहून लोकांस हंसूं येतें. हॉलिवूडनें २००९ सालीं अशाच एका बाजारपेठेच्या रखवालदारावर एक प्रहसनवजा चित्रपट काढून भरपूर पैसा मिळविला. अधिकाराचा दरारा यानें कमी होतो, असें कांहीं अधिकाऱ्यांस वाटत असल्यास नवल नाहीं. आमचें मत निराळें आहे. ज्या शिपायाकडे पाहून मुलें हंसतात, त्याच्याजवळ तीं जातातही. ‘हें चालतें कसें?’ असें विचारणारा मुलगा पुढें कधीं चुकला, तर तो त्याच्याकडेच धांवेल. दरारा ज्यांस वाटावयास पाहिजे, ते हंसणाऱ्यांपैकीं नसतात.

पण या वाहनाचा सर्वांत मोठा दोष यंत्रांत नाहींच. तो जमिनींत आहे. दोन चाकांवर तोल धरणाऱ्या वाहनास सपाट, सलग, मोकळी भूमि हवी. मरीन ड्राइव्हचा समुद्रकांठचा रुंद पदपथ त्यास फार अनुकूल आहे. पण तेथून एक-दोन किलोमीटर आंत गिरगांवच्या वाड्यांत शिरून पाहा. पदपथ कोठें अर्धा खणलेला, कोठें त्यावर विक्रेत्यांच्या पाट्या, कोठें दुचाक्यांची रांग. वाडीच्या तोंडाशीं पायरी, आंत गटाराचें झांकण वर आलेलें, आणि चाळीचा जिना तर कोणत्याही चाकास वर्ज्य. पुण्याच्या कसबा पेठेंत किंवा धारावीच्या बोळांत हीच कथा, कदाचित् अधिक बिकट. सत्तेचाळीस किलोंचें धूड उचलून पायरी चढविणें एकट्या शिपायास शक्य नाहीं. आणि तें खालीं सोडून वर जावें, तर परत येईपर्यंत तें तेथें असेल याची खात्री काय?

याचा परिणाम असा होतो कीं, वाहन जेथें चालतें तेथें शिपाई जातो. सपाट फरशी असते ती समुद्रकांठीं, उद्यानांत, विमानतळांवर आणि मोठमोठ्या बाजारगृहांत. तेथें सायंकाळीं हवा खावयास येणारे लोक आमच्या वाचकांसारखेच सुखवस्तु असतात, आणि त्यांस शिपाई दिसला म्हणजे बरें वाटतें, आम्हांसही वाटतें. परंतु रात्रपाळी संपवून साडेअकराच्या गाडीनें उतरणारी परिचारिका ज्या अंधाऱ्या बोळांतून घरीं जाते, तेथील फरशी सपाट नसते. फिलाडेल्फियाच्या प्रयोगांत टापू निवडले ते गुन्ह्यांची मोजदाद करून, रस्त्याचा गुळगुळीतपणा पाहून नव्हे. गस्तीचा नकाशा आधीं काढावा आणि मग त्यांतील कोणत्या भागास कोणतें वाहन शोभेल तें पाहावें, हा क्रम आहे. वाहन आधीं विकत घेऊन त्यास साजेल असा नकाशा काढला, तर शिपाई पाहणाऱ्यांच्या डोळ्यांपुढून सरकत राहील, आणि ज्यांस त्याची खरी गरज, त्यांस तो वृत्तपत्रांतील चित्रांत तेवढा दिसेल.

या बाबतींत साधी सायकल विजेच्या वाहनास भारी ठरते, असें आमचें मत आहे. अमेरिकेंतील सिॲटल शहरीं १९८७ सालीं रस्ते खणले गेल्यामुळें मोटारी अडकून पडूं लागल्या, तेव्हां पोलिसांनीं डोंगरी सायकली काढल्या, आणि तेथून ती प्रथा देशभर पसरली. सायकल खांद्यावर घेतां येते, तिला वीज लागत नाहीं, आणि ती भिंतीस टेंकून उभी करतां येते. तथापि शिपायाच्या देहाचाही विचार केला पाहिजे. आमच्याकडे बारा बारा तास उभें राहण्याची पाळी कित्येक वर्षें चालत आली. मुंबईंत २०१६ सालीं देवनार ठाण्यापासून आठ तासांच्या पाळीचा प्रयोग सुरू झाला, आणि त्याचा आराखडाही एका शिपायानेंच मांडला होता. असे थकलेले पाय असतां पन्नाशीच्या हवालदारास सायकल दामटावयास सांगणें सोपें, आणि त्यानें ती दामटणें कठीण. अशा मनुष्यास विजेचें वाहन ही चैन नव्हे. मात्र त्यावरही तो उभाच असतो, आणि उभें राहून तोल धरण्याचाही शीण असतोच, हें विसरूं नये. बसण्याची सोय असलेलें तीन चाकांचें लहान विजेचें वाहन, ज्याची वीज संपली तरी तें केवळ थांबेल, स्वारास पाडणार नाहीं, तें आम्हांस अधिक पसंत आहे. तें दिसावयास कमी ऐटदार असेल, पण पावसाळ्यांत, जेव्हां मरीन ड्राइव्हच्या कठड्यावरून भरतीच्या लाटा पदपथावर येतात, तेव्हां ऐट कामास येत नाहीं.

मनुष्यासच वगळून केवळ चाकें फिरविण्याचाही प्रयोग झाला. न्यूयॉर्कच्या टाइम्स चौकांतील भुयारी स्थानकांत २०२३ च्या सप्टेंबरांत एक स्वयंचलित यंत्र गस्तीस ठेविलें होतें. त्यास जिने उतरतां येत नसत, आणि त्याच्या सोबतीस एक हाडामांसाचा शिपाई द्यावा लागे. फेब्रुवारी २०२४ मध्यें तें तेथून हलविण्यांत आलें. त्याच जातीचें एक यंत्र २०१७ सालीं वॉशिंग्टन येथें एका इमारतीच्या कारंज्यांत आपण होऊन पडलें होतें. ॲक्रनच्या गाडीस पाण्यांत लोटावयास निदान जमाव तरी लागला होता.

आमच्या वाचकांपैकीं जे सायंकाळीं समुद्रकांठीं वा उद्यानांत फिरावयास जातात, त्यांस असें वाहन कधींतरी दिसेल. त्यांनीं त्याचा वेग वा दिवे पाहण्यापेक्षां एवढेंच पाहावें, कीं बाकावर एकटी बसलेली वृद्धा दिसली, किंवा मुलांचा तंटा चाललेला दिसला, तर शिपाई खालीं उतरतो कीं वरूनच मान हालवून पुढें सरकतो. उतरत असेल तर त्याच्याशीं दोन शब्द बोलावे, आणि पुढची फेरी कोणत्या गल्लींतून आहे, तेंही विचारावें.